हजेरीच्या मशीनवर पल्लाद

या सदरातले अनुभव मी बरीच वर्षं वाचतोय. लिहिणारे बहुतेक जण आधी सांगतात की आमचा अशा गोष्टींवर विश्वास नव्हता. आमच्या घरात तर विश्वास ठेवायला जागाच नव्हती. आजोबांनी धम्म घेतला तेव्हा देव्हाऱ्यातले टाक, अंगारे, ताईत सगळं एका फडक्यात बांधून नदीत सोडलं. घरात सांगून ठेवलं — आजपासून देव नाहीत आणि भूतंही नाहीत. आजारी पडलात तर दवाखान्यात जायचं. मी त्याच शिस्तीत वाढलो. अमावस्या कधी आली, कधी गेली, मला अजूनही कळत नाही.

माझ्या अनुभवात पडका बंगला नाही, घाट नाही, रात्रसुद्धा नाही. सकाळची फर्स्ट शिफ्ट आहे, वाळूज एमआयडीसीतल्या एका कंपनीचं गेट आहे आणि भिंतीवर बसवलेलं एक मशीन आहे. एवढंच.

इतकी वर्षं हे कुणाला लिहून पाठवलं नाही. परवा मुलगा पुण्याहून आला होता. तो घरी बसून काम करतो आणि त्याचा लॅपटॉप म्हणे अधूनमधून बघतो की माणूस जागेवर आहे का. त्यावरून तो फार चिडला होता. मी ऐकत होतो आणि मला ते गेट आठवलं. म्हटलं, आता लिहून टाकावं.

तेव्हाचं औरंगाबाद, आताचं छत्रपती संभाजीनगर. त्र्याण्णव साल संपत आलं होतं. मी एका रबर पार्ट्सच्या कंपनीत प्रेस ऑपरेटर होतो. गरम साच्यात रबराचा गोळा ठेवायचा, प्रेस बंद करायचा, वेळ झाली की उघडून तयार झालेलं रबरी सील काढायचं. दिवसभर तेच. घरी आलं तरी कपड्यांना जळक्या रबराचा वास. पडेगावात आम्ही दोन खोल्या भाड्यानं घेतल्या होत्या. घरात मी आणि माझी आई — आम्ही तिला माय म्हणतो. वडील शहरात आल्यावर काही वर्षांतच छातीच्या आजारानं गेले होते. माझं लग्न अजून व्हायचं होतं.

आम्ही मूळचे इथले नाही. गावाचं नाव सांगत नाही, तिथं आता आमचं कुणी नाही. अठ्ठ्याहत्तर साली विधानसभेत विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि त्यानंतर मराठवाड्यातल्या गावागावांत जे झालं ते आमच्याही गावात झालं. मी तेव्हा सातवीत होतो. दिवस मावळायला आमच्या वस्तीला आग लागली. सगळे कपाशीतून सडकेकडं पळाले. वडिलांना वाटलं माझा धाकटा भाऊ मायबरोबर आहे, मायला वाटलं वडिलांबरोबर आहे. तालुक्याच्या शाळेत आम्हाला ठेवलं होतं, तिथं पोचल्यावर कळलं की तो कुणाबरोबरच नव्हता. नंतर वडील पोलिसांना घेऊन परत गेले, पुन्हा पुन्हा गेले. रानं, विहिरी, नाले, सगळं बघितलं. काही सापडलं नाही. ना अंग, ना कपडा.

त्याचं नाव प्रल्हाद. पण ते फक्त शाळेत. मायच्या तोंडून प्रल्हाद निघायचं नाही, ती पल्लाद म्हणायची. म्हणून आम्ही सगळेच पल्लाद म्हणायचो.

हे मी कंपनीत कुणालाच सांगितलेलं नव्हतं. गाव का सोडलं हेही नाही. आमचं आडनाव जाधव. हे आडनाव सगळ्यांत सापडतं. कुणी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. त्या दिवसांत नामांतराचा निर्णय होणार, होणार अशी हवा होती. छावणीपासून क्रांती चौकापर्यंत पोलिसांच्या गाड्या उभ्या असायच्या. कंपनीच्या बसमध्ये विषय निघायचा, काहीजण तावातावानं बोलायचे आणि मी खिडकीतून बाहेर बघत बसायचो. मला त्याची सवय झाली होती. राग यायचा असंही नाही... खरं सांगायचं तर काहीच यायचं नाही.

तर मशीन. त्याआधी आमची हजेरी पितळी टोकनवर होती. गेटवर टाइमकीपर बसायचा, त्याच्या मागं खिळ्यांचा बोर्ड. टोकन काढून घ्यायचं, जाताना परत लटकवायचं. बसला उशीर झाला तर तो बघून न बघितल्यासारखं करायचा. कुणाच्या घरी आजारपण आहे, कुणाची बायको बाळंतपणाला गेलीय, हे त्याला माहीत असायचं. त्या वर्षी कंपनीनं कॉम्प्युटर घेतला. ऑफिसात एसी लावलेली एक वेगळी खोली केली, तिथं चपला काढून जायचं. तिथं वर्षा मॅडम म्हणून एक जण लागल्या. आमची सगळ्यांची नावं, पत्ते त्यांनीच कॉम्प्युटरमध्ये भरले. गेटवर आणि कँटीनच्या दारात मशीन बसवलं. प्रत्येकाला काळ्या पट्टीचं कार्ड मिळालं. मशीनच्या खाचेतून कार्ड ओढलं की बारीक आवाज व्हायचा आणि छोट्या काचेत हिरव्या इंग्रजी अक्षरांत आपलं नाव यायचं. माणसं हरखली होती. पहिल्या दिवशी काहींनी नुसतं नाव बघायला पुन्हा पुन्हा कार्ड ओढलं.

मग हळूहळू कळायला लागलं. जेवायला किती वेळ घेतला ते कॉम्प्युटर सांगायचा. कोण रोज दोन मिनिटं उशिरा येतो ते सांगायचा. सुपरवायझर पूर्वी ओरडायचा, आता फक्त कागद दाखवायचा. कँटीनमधली बोलणी कमी झाली. टाइमकीपरला स्टोअरला पाठवलं आणि गेटवर फक्त मोरे हवालदार उरले. मिलिटरीतून रिटायर झालेला माणूस, कमी बोलणारा.

एका सोमवारी सकाळी मी कार्ड ओढलं आणि आत निघालो. मागून युसूफचा आवाज आला. युसूफ शेजारच्या प्रेसवर होता, रोजच्या बोलण्यातला.

“जाधव, ये पल्लाद कौन है रे?”

मी थांबलो. म्हटलं, काय?

“तेरे कार्ड पे पल्लाद आया. मैं पिच्छेच था ना.”

मी परत फिरलो. काचेवर तोवर युसूफचं नाव आलं होतं. मी त्याला म्हटलं, तू चुकून वाचलं असशील. तो म्हणाला, हौ, होगा. आम्ही आत गेलो. दिवसभर मी प्रेस चालवला. हात नेहमीसारखे चालले.

शिफ्ट सुटल्यावर बाहेर पडताना मी नीट थांबून बघितलं. माझंच नाव होतं — सुधाकर जाधव. दुसऱ्या दिवशी सकाळी कार्ड ओढलं. पी, ए, एल, एल, ए, डी. आडनाव नाही, काही नाही. पल्लाद. जेवढा वेळ नाव राहतं तेवढा वेळ राहिलं आणि गेलं.

मला वाटलं होतं की पाय कापतील, घाम येईल. इथं लिहिणारे लोक लिहितात तसं. तसं काही झालं नाही. फक्त कानात बोळा घातल्यावर जसं सगळं लांबून ऐकू येतं, तसं त्या दिवसापासून व्हायला लागलं आणि पुढं बरेच दिवस तसंच राहिलं.

रोज सकाळी पल्लाद. रोज सुटताना मी. कँटीनच्या मशीनवरही मीच. फक्त गेटमधून आत जाताना तो.

मी वर्षा मॅडमकडं गेलो. त्यांना भावाचं काही सांगितलं नाही, नाव चुकीचं येतंय एवढंच सांगितलं. त्यांनी कॉम्प्युटरवर माझं कार्ड काढून दाखवलं. सगळं बरोबर होतं. सकाळची हजेरीसुद्धा माझ्याच नावावर लागलेली होती. मग त्या स्वतः गेटवर आल्या. दुपारची वेळ होती, तरी मला बाहेर जाऊन पुन्हा आत यायला लावलं. बाहेर जाताना सुधाकर. आत येताना पल्लाद.

त्यांनी काचेकडं बघितलं, मग माझ्याकडं. म्हणाल्या, “हे नाव मी कुणाचंच भरलेलं नाही. असं स्पेलिंग कोण करेल?”

त्यांनी पुण्याच्या मशीनवाल्या कंपनीला फोन केला. माणूस आला. मशीन उघडलं, आतली एक चिप बदलली, मला नवं कार्ड दिलं. म्हणाला, दुसऱ्या कुठल्या तरी गिऱ्हाईकाचा जुना डेटा राहिला असेल, होतं असं. दोन दिवस माझं नाव आलं. तिसऱ्या सकाळी परत पल्लाद. नवं कार्ड, नवी चिप आणि तेच स्पेलिंग.

एव्हाना लाइनमधल्या सगळ्यांना माहीत झालं होतं. आधी थट्टा चालली. कुणी मला पल्लादराव म्हणायला लागलं. मी हसायचो. मग ते सिक्युरिटी ऑफिसरच्या कानावर गेलं आणि थट्टा राहिली बाजूला. त्यानं त्याचा वेगळाच अर्थ लावला. मशीन आल्यापासून एकानं दुसऱ्याचं कार्ड ओढायचे प्रकार सुरू झाले होते, दोघे त्यात निलंबित झाले होते. त्याला वाटलं मीही कुणाची तरी हजेरी लावतोय. कार्डात काहीतरी फिरवाफिरवी करून पल्लाद नावाचा बाहेरचा माणूस आत घुसवतोय. शहरात वातावरण तापलेलं, त्यामुळं बाहेरचा माणूस म्हटल्यावर साहेब लोक दचकले. मला मेमो आला. पर्सोनेलच्या साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं.

केबिनमध्ये साहेब होते, सिक्युरिटी ऑफिसर होता आणि वर्षा मॅडम होत्या. मॅडमनी आधीच सांगितलं की कॉम्प्युटरमध्ये गडबड दिसत नाही, या माणसानं काही केलेलं नाही. साहेब म्हणाले, मग हे नाव कुठून आलं? मॅडमनी हातातला कागद पुन्हा बघितला. साहेबांनी मला विचारलं, “पल्लाद कोण? ओळखता का तुम्ही?”

नाही म्हणता आलं असतं. तोंडापर्यंत आलंही होतं. पण नाही म्हटलं असतं तर माझ्या तोंडून मी त्याला पुसून टाकल्यासारखं झालं असतं... असं मला तेव्हा वाटलं की नंतर वाटलं, आता सांगता येणार नाही. मी म्हणालो, “माझा लहान भाऊ.”

कुठं असतो? नाही. नाही म्हणजे? हरवला. कधी? अठ्ठ्याहत्तरला. साहेबांनी गावाचं नाव विचारलं, मी सांगितलं. ते नाव त्या वेळच्या पेपरात येऊन गेलेलं होतं. साहेब त्या भागातलेच होते. त्यांना ते आठवलं हे मला कळलं, कारण त्यांनी पेनाचं टोपण लावून टाकलं आणि पुढचा प्रश्न विचारला नाही. सिक्युरिटी ऑफिसरला काही उमगलं नव्हतं. त्यानं विचारलं, हरवला म्हणजे कसा हरवला? मी तीन-चार वाक्यांत सांगितलं. वस्ती, आग, कपाशी, शाळा. आवाज माझाच होता, पण कुणीतरी दुसरं वाचून दाखवतंय तसा येत होता. वर्षा मॅडम खाली बघत होत्या.

साहेब म्हणाले ठीक आहे, पण फाइल बंद करायला काहीतरी लागेल. भावाच्या मृत्यूचा दाखला आहे का? मी म्हटलं, मृत्यू झालाय असं कुणी सांगितलंच नाही, दाखला कोण देणार? मग म्हणाले, घरातल्या कुणाला तरी घेऊन या, दोन शब्द सांगू द्या, म्हणजे यांचंही समाधान होईल.

त्या दिवसापासून कंपनीत मी कोण हे सगळ्यांना कळलं. केबिनमधलं बोलणं बाहेर कसं आलं माहीत नाही. कुणी काही वाईट बोललं नाही, ते सांगायला पाहिजे. फक्त माझ्या डब्यातलं लोणचं रोज मागून घेणारा एक जण होता, त्यानं मागायचं बंद केलं. सुपरवायझर जाधवराव म्हणायचा, तो नुसतं जाधव म्हणायला लागला. बसमध्ये माझ्या शेजारची सीट शेवटी भरायची. युसूफ मात्र होता तसाच होता. एकदा एवढंच म्हणाला, “तेरे कू बोलना था ना रे, इत्ते साल में.” मी म्हटलं, काय बोलणार होतो. तो म्हणाला, हौ, वो भी है.

मी इतकी वर्षं जे झाकून ठेवलं होतं, ते कुण्या माणसानं उकरून काढलं असतं तर मला त्याच्याशी भांडता आलं असतं. भिंतीवरच्या मशीनशी काय भांडणार?

मायला सांगणं भाग होतं. पल्लादचं नाव आमच्या घरात निघत नसे. संध्याकाळी ती भाकरी करत होती. मी शेजारी बसलो आणि झालेलं सगळं एका दमात सांगितलं. मला वाटलं ती रडेल, नाहीतर मलाच वेड्यात काढेल. तिनं तव्यावरची भाकरी उलटली.

“मशीनवर नाव येतं म्हंजे काय?”

मी म्हटलं, माणूस आत आला की मशीन त्याचं नाव दाखवतं.

“रोज येतो त्यो?”

रोज. आत जाताना.

“अन् बाहेर येताना?”

बाहेर येताना माझंच नाव येतं, माय.

भाकरी झाली, दुसरी टाकली. मग म्हणाली, “मंग त्यो आतच हाय.”

मी तिला समजावलं. मशीनमध्ये बिघाड असतो, कुठलं तरी जुनं नाव राहून जातं. पुण्याचा माणूस म्हणाला होता तेच सांगितलं. ती ऐकत होती. शेवटी म्हणाली, उद्या येते तुज्यासंगं.

दुसऱ्या दिवशी ती धुतलेलं हिरवं लुगडं नेसून आली. कंपनीची बस बाईमाणसाला घेणार नाही म्हणून आम्ही नगर नाक्यावरून सिटी बसनं गेलो. गेटवर मोरे हवालदारांना निरोप होता. त्यांनी मायला मशीनजवळ उभं केलं. मागं फर्स्ट शिफ्टची लाइन होती. मी कार्ड ओढलं.

पल्लाद.

मायला वाचता येत नव्हतं, मराठीही नाही. ती हिरव्या अक्षरांकडं बघत राहिली. तिनं मला विचारलं नाही, हवालदारांना विचारलं, “काय लिवलंय, दादा?”

हवालदार म्हणाले, “पल्लाद लिवलंय, मावशी.”

तिनं मान हलवली. दुकानदारानं पुडी हातात दिल्यावर हलवतो तशी.

केबिनमध्ये तिनं साहेबांना जे विचारलं त्याची उत्तरं दिली. वय काय होतं, काय घातलं होतं. साहेबांनी लिहून घेतलं, तिचा अंगठा घेतला आणि फाइल बंद केली. चहा मागवला. तिनं चहाला हात लावला नाही. म्हणाली, मला एकदा आत जाऊ द्या. साहेबांना वाटलं तिला माझं काम बघायचंय. मला कळलं होतं तिला काय बघायचंय. वर्षा मॅडमनाही कळलं असावं, कारण त्याच म्हणाल्या की मी नेते त्यांना.

आम्ही तिघं शॉपमध्ये गेलो. दोन्ही बाजूंना प्रेसची रांग, मध्ये वाट. सगळे एकाच निळ्या युनिफॉर्ममध्ये. माय पहिल्या प्रेसपाशी थांबली आणि तिथल्या माणसाच्या तोंडाकडं बघितलं. मग दुसऱ्या. मग तिसऱ्या. घाई नाही, काही विचारणं नाही. पल्लादच्या डाव्या भुवईला लहानपणी खोक पडली होती. ती प्रत्येकाची डावी भुवई बघत होती, हे माझ्या जरा उशिरा लक्षात आलं. कुणी कपाळावर टोपी ओढलेली असली तर ती थांबून राहायची, तो टोपी मागं सारेपर्यंत. एकानंही तिला हटकलं नाही. लोणचं मागणारा होता, त्यानं मान खाली घातली होती, पण तिच्यासाठी वर केली. युसूफनं प्रेस थांबवून हात पुसले आणि सरळ उभा राहिला. तो कोण हे तिला माहीत होतं, दोनदा घरी जेवून गेला होता. तरी त्याच्याकडंही तिनं तेवढंच बघितलं.

शॉप झाला. स्टोअर झालं. बॉयलरजवळची माणसं झाली. कँटीनमध्ये भांडी घासणारे झाले. मग आत कुणी उरलं नाही.

मी म्हटलं, माय, नाही इथं कुणी.

ती म्हणाली, “बगितलं मी. चल घरी.”

साहेबांनी मला उरलेल्या दिवसाची सुट्टी देऊन टाकली होती. माय छोट्या फाटकातून पुढं निघून गेली. ती रस्त्याच्या कडेला पोचली होती, आमच्याकडं पाठ करून बस कुठून येते ते बघत होती. मी मशीनपाशी थांबलो, कार्ड ओढलं. बाहेर जाताना मी काचेकडं बघायचंही सोडून दिलं होतं, तिथं काय येणार हे माहीत होतं. हवालदारांनी बघितलं आणि माझ्या दंडाला हात लावला.

काचेवर पल्लाद होतं. बाहेर जाताना, पहिल्यांदाच.

आम्ही दोघं ते जाईपर्यंत बघत राहिलो. मी विचारलं, तुम्हालाही तेच दिसलं ना? ते म्हणाले, हो. मी फाटकातून बाहेर पडलो. ऊन होतं. रस्त्यावरून मालाचे ट्रक चालले होते. मायजवळ जाऊन उभा राहिलो. तिला काही सांगितलं नाही, कारण काय सांगायचं ते मला कळत नव्हतं. तिनंही काही विचारलं नाही.

सिटी बस आली. दुपारची गाडी, निम्मी रिकामी. माय खिडकीशी बसली. तीन जणांचा बाक होता, मी तिच्याजवळ सरकायला लागलो तर तिनं मधल्या जागेवर तळहात ठेवला. मग मी कडेला बसलो. पुढं पंढरपूरच्या थांब्यावर — म्हणजे आपल्या वाळूजजवळचं पंढरपूर — बरीच माणसं चढली. गाडी भरली. एक म्हातारा आमच्या बाकाशी आला आणि मध्ये बसायला वाकला.

माय त्याला साध्या आवाजात म्हणाली, “बाबा, दुसरीकडं बगा. हितं माणूस बसलंय.”

म्हाताऱ्यानं रिकाम्या जागेकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. मी उठून त्याला माझी जागा दिली आणि दांडीला धरून उभा राहिलो. म्हातारा कडेला अंग चोरून बसला. मधली जागा नगर नाक्यापर्यंत तशीच राहिली. मायचा हात तिथंच होता. पण आता तो जागेवर टेकलेला नव्हता, थोडा वर होता.

त्यानंतर मशीननं ते नाव पुन्हा दाखवलं नाही. आत जाताना मी, बाहेर येताना मी. ते मशीन काही वर्षांनी भंगारात गेलं, पुढं अंगठ्याचं आलं, आता तोंड दाखवायचं आलंय. वर्षा मॅडमनी नोकरी सोडेपर्यंत अधूनमधून विचारलं, आलं का हो कधी? मी नाही म्हणायचो. पुढच्या जानेवारीत विद्यापीठाच्या नावाचा निर्णय झाला, शहरात बंदोबस्त होता, आमच्या वस्तीत माणसं रस्त्यावर येऊन नाचली. मायही ओट्यावर येऊन उभी राहिली होती. तिनं पल्लादचा विषय त्या दिवशी काढला नाही आणि मरेपर्यंत कधीच काढला नाही. पण त्या बसच्या दिवसानंतर तिला झोप लागायला लागली.

माझ्या मुलाला मी हे सांगितलं. तो कॉम्प्युटरमधलाच, त्यानं नीट ऐकून घेतलं. म्हणाला, त्या काळचं हार्डवेअर होतं, मेमरीत काहीही राहू शकतं, पुण्याचा माणूस बरोबर असेल. असेलही. मी वाद घालत नाही. नावाचं काहीतरी कारण उद्या कुणी सांगेल, मी मान्यही करीन.

पण शेवटच्या दिवशी काचेवर काय आलं ते फक्त हवालदारांनी आणि मी बघितलं होतं. माय तेव्हा रस्त्याकडं तोंड करून उभी होती. मी तिला सांगितलेलं नव्हतं.